सात अंशांवरची प्लेट

तलासरीजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहातला भात आमच्या डहाणूच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिथल्या अकरा मुली उलट्या होऊन दवाखान्यात होत्या. दोन दिवसांनी मी रिपोर्टवर सही केली. ‘बॅसिलस सिरिअस : आढळला.’ त्याच संध्याकाळी स्वयंपाकीण बारकीमावशींना अस्वच्छतेचं कारण देऊन कामावरून काढलं.

मला एक गोष्ट खटकत होती. भात फ्रिजमधला होता, आणि हा जिवाणू सहसा थंडीत वाढत नाही. म्हणून भातातला जिवाणू पेरलेली एक प्लेट मी सात अंशांवर ठेवली होती, दुसरी त्रेचाळीसवर, जिथे नेहमीचा जिवाणू वाढतो. सातवर दहा दिवस थांबावं लागतं.

अकराव्या दिवशी बाराच्या सुमारास मावशीच दारात उभ्या.

“माझे हात तपास बाय. साबण संपला घासून, घाण काय सापडंना.”

मी दोन्ही प्लेटा दाखवल्या. त्रेचाळीसची कोरी. सातवर मुळांसारख्या पसरलेल्या पांढुरक्या वसाहती. “मावशी, हा थंडीत वाढणारा वेगळा गट आहे. मातीतून तांदळावर येतो. भात शिजला तरी याचे बीजाणू मरत नाहीत, मग फ्रिजमध्ये वाढतात.”

“म्हणजे माझ्या हातातला नाय?”

“नाही.”

“उरला भात मी कोंबड्यांना घालायचे. नवा फ्रिज आला तशा मॅडम बोलल्या, ठेव, दोन दिवस पुरव.” त्या प्लेटवर वाकल्या. “माझ्यापरीस यालाच थंडी सोसते. लिव ना कागदावर.”

मी प्रयोगशाळेचे प्रमुख जिग्नेशसर यांच्याकडे गेले.

“बेन, फॉर्ममध्ये काय विचारलंय? आहे की नाही. थंडीतला की गरमीतला, याला रकानाच नाही.”

“वेगळं पान जोडते.”

“मागितलंय कोणी?”

शेवटी मी वसतिगृहाच्या अधीक्षक जयश्री मॅडमना फोन लावला.

“अहो, नवी बाई ठेवलीय. हातमोजे दिलेत तिला.”

“आणि उरलेला भात?”

“फ्रिजमध्ये. बाहेर ठेवून परत मुलींना आजारी पाडू का?” फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “माझं ऱ्हाऊ दे. आज बुधवार ना? बुधवारी उरला भात फोडणी देऊन वाढतात.”

या जिवाणूने भातात सोडलेलं विष फोडणीनेही जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

“साडेबारा.”

“वाढला असंल मग,” त्या म्हणाल्या.