गाणारी माणसं बसली की मी विझायचो

मी कालोलाइनेबाईंच्या ट्रकचा उजवा दिवा बोलतोय. आधी एक सांगून टाकतो, दोष माझा नव्हता!

जपानी कारखान्यात जन्मलो, ट्रकच्या नाकाशेजारी बसून टोंगा नावाच्या बेटांच्या देशात आलो. बाई चर्चच्या गायनमंडळाच्या म्होरक्या. मागच्या हौद्यात अख्खं मंडळ गात बसायचं आणि मी रस्त्यातल्या डुकरांवर उजेड टाकायचो. सुखात होतो.

मग मी मधेच विझू लागलो. पोलिसानं बजावलं, "पुन्हा एका डोळ्यानं आलात तर सगळ्यांना उतरवीन." आणि आज पलीकडच्या गावात गायनाची स्पर्धा!

बाईंचा भाचा सेमिसी गाड्यांची वायरिंग बघतो. त्याच्या शेडमध्ये मात्र मी दर वेळी लख्ख लागायचो. त्यानं बल्ब बदलला, फ्यूज बदलला. आज दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यासमोरच बसला.

"आत्या, दिवाच गेलाय. फेकतो आणि भंगारातला दुसरा बसवतो."

माझं तर धाबंच दणाणलं.

"अरे, माणसं बसल्याशिवाय तो विझतच नाही!"

"का? तुमचं गाणं ऐकून झोप लागते त्याला?"

"दात काढू नकोस." बाईंनी शेडबाहेर थांबलेल्या मंडळाला हाक मारली, "चढा गं सगळ्या!"

टोंगात आत्याला नाही म्हणायची भाच्याची टाप नाही. इथल्या रिवाजाप्रमाणे कपड्यांवरून कमरेला गुंडाळलेल्या चटया सावरत मंडळ चढलं. ट्रकचं बूड खाली गेलं, नाक वर आलं. सूर लागला, सगळी डुलू लागली आणि मी विझलो. भर शेडमध्ये विझलो! विझल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

"थांबू नका, गात राहा!" सेमिसी ओरडला. टेस्ट लॅम्प लावून पाहिलं, तर वीज माझ्यापर्यंत येत होती. मग त्यानं एक वायर माझ्यापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली. लागलो! म्हणजे विजेची परतीची वाट तुटत होती. त्यानं माझी अर्थिंगची वायर सोलली. वरून धडधाकट, आत खाऱ्या हवेनं हिरवं पडलेलं तांबं. नाक वर झालं की ती ताणली जायची आणि आतली तार सुटायची.

"बघ आत्या, मी उगाच दिवा फेकणार होतो."

"आणि मी तुला!"

आता नवी वायर आहे, जराशी सैल. दिवस मावळलाय, मागे सगळी गळा फाडून गातायत. विनंती एकच, कुणालाही बाद ठरवण्याआधी त्याचं रोजचं ओझं त्याच्या पाठीवर ठेवून बघा.

तो पाहा, वळणावर पोलीस उभा आहे. बघ बाबा, नीट बघ. दोन्ही डोळे!