दोन यार्ड

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेचं चित्र पडद्यावर लावलं आणि पेनाच्या टोकाने मणक्यातली एक जागा दाखवली.

"इथून नसा जातात. तुमची ही वाट जन्मापासूनच अरुंद आहे, मिस्टर टार्प्ली. आणि हे बघा, हे जुने मार आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. कधी मोठा अपघात झाला होता का?"

लव्हेल टार्प्लीने शर्टाची कॉलर वर ओढली. शेजारच्या खुर्चीतून त्याची बायको मर्लीन म्हणाली, "हा फुटबॉल खेळायचा. इथल्याच युनिव्हर्सिटीकडून. रनिंग बॅक होता."

"ह्या मानेने?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "खेळू कुणी दिलं तुम्हाला?"

त्या बाहेरगावच्या होत्या, नुकत्याच आलेल्या. टार्प्ली हे नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, आणि तेवढ्यावरच लव्हेल सकाळपासून खूश होता. दुकानात मांस कापताना हातातली सुरी तीनदा पडली, तिसऱ्यांदा बुटात रुतली, म्हणून मर्लीनने त्याला ओढत इथे आणलं होतं.

"हाताला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेत नस दाबली जाते आणि बोटांतलं बळ जातं. तेव्हाही जात असणार. ऑपरेशन केलं तर पुढचं बिघडणं थांबेल. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

मर्लीनने ऑपरेशनचं काही ऐकलंच नाही. तिने लव्हेलचा गुडघा घट्ट धरला. "ऐकलंस? तेव्हाही, म्हणाल्या त्या. तेव्हाही!"

कॅन्ससमधल्या त्या गावात शनिवारी दुकानं ओस पडतात आणि स्टेडियममध्ये गावाच्या दुप्पट माणसं मावतात. लव्हेल तिथे आर्कान्सामधून आला तो अठराव्या वर्षी. बाप कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, घरात सहा भावंडं. पोराच्या पायांत वारं भरलं होतं. तिथला फुटबॉल हाताने खेळतात. रनिंग बॅकचं काम एकच: मिळालेला चेंडू काखेत दाबायचा आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांमधून, त्यांच्या अंगावरून, फटीतून, जमेल तसा पुढे न्यायचा. तीन वर्षांत लव्हेल तीन हजार नऊशे बारा यार्ड पळाला. तो आकडा पुढे एकोणीस वर्षं कुणाला गाठता आला नाही.

पण त्याच तीन वर्षांत त्याच्या हातून चेंडू तेवीस वेळा निसटला. त्याला फंबल म्हणतात. निसटलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. आकडे दोन्ही खरे होते, गावाने लक्षात ठेवला दुसरा.

कोच ड्वेन केसलर यांनी सगळे उपाय केले. एका वर्षी त्याला चोवीस तास चेंडू बगलेत घेऊन फिरायला लावलं. वर्गात चेंडू, जेवणाच्या रांगेत चेंडू, चर्चमध्येसुद्धा. दिसेल त्या खेळाडूने मागून येऊन तो पाडायचा, अशी सगळ्यांना मुभा होती. लव्हेल झोपायचासुद्धा चेंडू छातीशी धरून. तरी शनिवार आला की तो निसटायचाच. 'हाताला लोणी लागलंय' असं ओरडत परगावचे प्रेक्षक मैदानावर लोण्याच्या वड्या फेकायला लागले. त्याचं नाव पडलं बटर.

आणि मग शेवटचा सामना. शेजारच्या राज्याविरुद्ध, विजेतेपदाचा. चार गुण मागे, अडतीस सेकंद उरलेले, शेवटच्या रेषेपासून दोन यार्डांवर चेंडू; तो पलीकडे नेला की सहा गुण आणि सामना खिशात. लव्हेलला उजवीकडून पळायचं होतं. तो पळाला, फट मिळाली, रेषा दिसली, आणि कुणाचा धक्का लागण्याआधीच चेंडू काखेतून खाली गेला. समोरच्या एका गड्याने उचलला आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत धावत नेला.

त्यानंतर मोठ्या क्लबांपैकी एकानेही लव्हेलला बोलावलं नाही. पुढच्याच वर्षी केसलर यांची नोकरी गेली. रेडिओवरच्या एकाने 'टार्प्ली करणं' असा शब्द काढला तो गावाने उचलला. हॉटेलात कुणाच्या हातून बशी पडली की पलीकडच्या टेबलावरून आवाज यायचा, "टार्प्ली केलास!" ज्या पोरांनी तो सामना बघितलाही नव्हता तीही म्हणायची. लव्हेल गाव सोडून गेला नाही, कारण मर्लीन इथली होती आणि तिची आई अंथरुणावर होती. दुकानाच्या मांसाच्या काउंटरवर त्याने मांसाचं पुडकं पुढे केलं की गिऱ्हाईक मुद्दाम दोन्ही हातांची ओंजळ त्याच्याखाली धरायचं. "सांभाळून हं, बटर!" चोवीस वर्षं हे चाललं होतं. मर्लीनने ते रविवारी चर्चच्या जेवणावळीत ऐकलं होतं, मुलीच्या लग्नातसुद्धा ऐकलं होतं.

म्हणून गाडीत बसल्याबरोबर ती म्हणाली, "कोचकडे जायचं. हे चित्र घेऊन."

"कशाला? ते एक्क्याऐंशीचे आहेत."

"म्हणूनच. ते आहेत तोवर त्यांना कळू दे की तू घाबरट नव्हतास, निष्काळजी नव्हतास. ती आजाराची गोष्ट होती."

लव्हेलच्याही मनात तेच होतं. इतकंच की त्याला ते तोंडाने म्हणायची भीती वाटत होती.

रविवारी चर्च सुटल्यावर तो एकटाच गेला. केसलरबाईंनी दार उघडलं, त्याला मिठी मारली, गार चहाचा पेला पुढे केला. लव्हेलने तो डाव्या हाताने घेतला. कोच मागच्या व्हरांड्यात बसले होते. गुडघ्यावर घोंगडी, डोक्यावर जुनी टोपी, आवाज तोच.

"ये रे पोरा. वजन वाढवलंस."

"मांसाच्या दुकानात असतो, कोच. हातासरशी चाखणं होतं."

कोच हसले. थोडा वेळ यंदाच्या संघाला शिव्या घालून झाल्या. मग लव्हेलने पाकिटातून चित्र काढलं आणि डॉक्टरीणबाईंनी जसं सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. अरुंद वाट, दबलेली नस, बोटांतलं बळ. चार दिवस तो हे आरशासमोर म्हणत होता. 

कोचनी चित्र उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"म्हणजे हात मरत होता तुझा."

"हो, कोच."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून. एका टकरीत मानेपासून बोटांपर्यंत विस्तव गेला. मग अधूनमधून व्हायचं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. तासाभराने परत यायची."

"आणि त्या दिवशी?"

 हा प्रश्न त्याने आरशासमोर घेतलाच नव्हता.

"त्या दिवशी सकाळपासूनच होतं," तो म्हणाला. "शर्टाची बटणं लागत नव्हती."

"सकाळपासून."

"मला वाटलं, सामन्यापर्यंत जाईल."

"गेलं?"

"नाही."

कोचनी चित्र घोंगडीवर पालथं ठेवलं. आवारात कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. केसलरबाई आतून म्हणाल्या, "केकचा तुकडा देऊ का रे लव्हेल? अक्रोड घातलेला आहे." 

"राखीव गड्यांच्या बाकावर डन बसला होता," कोच म्हणाले. "रिकी डन. आठवतो?"

"आठवतो."

"चार वर्षांत एकदाही चेंडू पाडला नाही त्या पोराने. पळायला बैल होता, दोन यार्डांच्या पुढे कधी जायचा नाही." कोचनी दोन बोटं वर केली. "मला दोनच यार्ड हवे होते, लव्हेल."

लव्हेल खुर्चीत पुढे सरकला. "सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी पाठवलं असतं, कोच. शिष्यवृत्ती गेली असती. आर्कान्साला जाऊन मीही कोंबड्या सोलत बसलो असतो."

"पाठवलंही असतं कदाचित. खोटं कशाला बोलू? ह्या मानेने तू मैदानावर मेलाही असतास, आणि ते माझ्या डोक्यावर बसलं असतं." ते टोपी काढून तिच्या आत बघत राहिले. "चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, पोराचा दोष नाही, चेंडू त्याला द्यायचं मी ठरवलं. नोकरी गेली तेव्हाही हेच सांगितलं. रात्र रात्र विचार केला की मी त्याच्यावर फार ओझं टाकलं, त्याला भेदरवलं. तो चेंडू बगलेत धरायला लावायचा खेळ मला अजून छळतो. आणि तुला माहीत होतं."

"कोच, मी एकवीस वर्षांचा होतो."

"संघातले बाकीचे पंच्याऐंशी जणही एकवीस वर्षांचेच होते रे."

ते रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर लव्हेलला उत्तर देता आलं असतं. त्यांनी चित्र उचलून त्याच्या हातात दिलं, त्याच्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाले, "घरी जा आता. ऑपरेशन करून घे. मर्लीनला माझा नमस्कार सांग."

घरी मर्लीन पायरीवरच उभी होती. "काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांचा माझ्यावर कधीच राग नव्हता."

"बघ! मी सांगत नव्हते?" तिचे डोळे भरून आले. आत जाऊन तिने बहिणीला फोन लावला. खिडकीतून तिचा आवाज बाहेर येत होता, कितीतरी वर्षांत न ऐकलेला, लग्नाआधीचा. लव्हेल पायरीवर बसून राहिला.

त्या आठवड्यात त्याने कोचना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा केसलरबाई म्हणाल्या की ते झोपलेत. तिसऱ्यांदा त्याने केला नाही. आता हे सगळीकडे कळेल, या भीतीने तो काउंटरवर उभा राहायचा. माणूस आत आला की त्याचा चेहरा बघायचा. पण कोचनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईकं पूर्वीसारखीच पुडक्याखाली ओंजळ धरत होती. "सांभाळून हं, बटर!" आणि लव्हेलच्या लक्षात आलं की ते ऐकून त्याचा जीव भांड्यात पडतोय.

नोव्हेंबरात त्या सामन्याला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. मर्लीनने त्याला न विचारता गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. एका गुरुवारी दुपारी गेल ओस्ट्रँडर नावाची पन्नाशीची बातमीदार त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. मर्लीनने कॉफी आणली, टेबलावर मानेचं चित्र मांडून ठेवलं आणि स्वतः सोफ्याच्या टोकावर बसली. चर्चला घालायचा निळा पोशाख तिने घातला होता.

"मिस्टर टार्प्ली," गेल म्हणाली, "मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. विद्यार्थिनी होते. तुमच्या नावाने मीसुद्धा ओरडले होते. त्याची मला लाज वाटते. तुमच्या पत्नीने लिहिलंय ते खरं असेल तर या गावाने तुमची माफी मागायला हवी. त्या दिवशी काय झालं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बाई भली होती, हे दिसत होतं. भली होती म्हणूनच ती नीट विचारणार होती. कधीपासून? त्या दिवशीही? सकाळपासून? मग रविवारच्या अंकात डनचं नाव येणार. पंच्याऐंशी घरांत तो अंक वाचला जाणार.

"काही नाही झालं," लव्हेल म्हणाला.

"म्हणजे?"

"चेंडू निसटला. माझे हात पहिल्यापासूनच तसे."

मर्लीनने मान वळवली. "लव्हेल, मान. मानेचं सांग ना."

"मानेचं आत्ताचं आहे. वय झालं." त्याने चित्र उचललं आणि पाकिटात घातलं. पाकिटाचं तोंड उजव्या हाताने मिटेना, तेव्हा डाव्याने मिटलं. "तेव्हा मी ठणठणीत होतो, बाई. लोक म्हणतात ते खरंय. हातात लोणी होतं."

गेलने एकदा मर्लीनकडे बघितलं, एकदा वहीकडे. "डॉक्टर म्हणतात की जुने मार..."

"डॉक्टर बाहेरगावच्या आहेत."

तिने आणखी चार-सहा गोष्टी विचारल्या, दुकानाबद्दल, मुलीबद्दल. कॉफी संपवली आणि निघाली. तिची गाडी वळेपर्यंत मर्लीन दारात उभी होती. मग ती आत आली.

"का?" तिने विचारलं.

लव्हेलकडे उत्तर होतं. चार शब्दांचं होतं: मला सकाळपासून माहीत होतं. पण ते दिलं तर उद्यापासून ती त्याच्याकडे कशी बघेल, हे त्याला कोचच्या व्हरांड्यात कळून चुकलं होतं.

"चोवीस वर्षं मी तुझ्या बाजूने भांडले," मर्लीन म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं मी. आज एक माणूस ऐकायला आलं, आणि तू... मला मूर्ख ठरवलंस त्या बाईसमोर. का, तेवढं सांग."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

त्याने पाकीट उचलून कपाटात ठेवलं. तिने कॉफीचे कप गोळा केले, स्वयंपाकघरात नेले. नळ बराच वेळ चालू राहिला. जेवणाच्या वेळी तिने त्याचं ताट टेबलावर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन मुलीच्या रिकाम्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

रविवारी लेख आला. आतल्या पानावर, लहानसा. मथळा होता: 'टार्प्ली म्हणतात, दोष माझ्याच हातांचा'. खाली गेलने जरा कौतुकाने लिहिलं होतं की सबब न सांगणारी माणसं आता दुर्मीळ झालीत. दुकानात दोघातिघांनी येऊन त्याची पाठ थोपटली.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. मर्लीनने त्याला गाडीतून नेलं आणि आणलं. गरज होती तेवढं बोलली. मानेला पट्टा लावून तो खिडकीशी बसायचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेला रबरी चेंडू दिवसातून शंभरदा दाबायचा होता. तो दाबायचा. उजव्या हाताची तीन बोटं वळायची. उरलेली दोन तशीच सरळ राहायची.