एकविसाव्या पानावरची ओळ

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावरचा हा तरुण पाहा. कपाळावर केसांची बट, गळ्यात गिटार आणि गुडघे असे वाकलेले, जणू पायाखालची जमीन तापली आहे. हा गायक रॉइस टॅकेट. मी एका मासिकाचा जुना अंक आहे, १९५६ च्या सप्टेंबरचा. रॉइसच्या पायाशी लाल अक्षरांत छापलं आहे, 'हा मुलगा आपल्या मुलींना बिघडवतोय का?'

छापखान्यातून निघालो तेव्हा मी फार ऐटीत होतो. आमचे गठ्ठे गावोगाव गेले. माझ्या नशिबी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं कोल्टर्स बेंड आलं, म्हणजे नेमकं रॉइसचंच गाव. तिथल्या ओपल ग्रिशमच्या ब्यूटी पार्लरमध्ये मी येऊन पडलो आणि दिवसभर या हातातून त्या हातात फिरू लागलो.

"अंगात आल्यासारखा नाचतो मेला!" केस वाळवायच्या टोपाखालून मिसेस डाउडी ओरडल्या. टोपाच्या घरघरीत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे.

"मग ते पान चौथ्यांदा का उघडलंत?" ओपलने विचारलं.

सगळ्या हसल्या. पण मिसेस डाउडींनी एकविसावं पान उलटलं आणि हसू थांबलं. तिथे रॉइसच्या आईचा, हेस्परचा फोटो होता. तोंडावर पदरासारखा एप्रन धरलेला, डोळ्यांत पाणी. खाली छापलं होतं, 'मुलाचा नाच पाहून आई शरमेनं रडली.'

हेस्पर याच पार्लरमध्ये टॉवेल धुवायची. तिला वाचता येत नव्हतं. ती मागच्या दारातून आली की ओपल मला घाईघाईने खणात सारायची. पण गावाचं तोंड कोण बंद करणार? चर्चच्या गानवृंदात हेस्परच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रॉइस दर रविवारी औषधांच्या दुकानात फोन करून तिला बोलावून घ्यायचा. तोही फोन येईना. तीन रविवार ती तिथल्या बाकावर बसून परतली.

एका दुपारी टॉवेल ठेवायला तिने खण उघडला आणि मी तिच्या हाती लागलो. आधी तिने मुलाचा चेहरा बोटाने पुसला. मग स्वतःचा फोटो पाहिला.

"ओपल, हे काय लिहिलंय गं?"

ओपल वाचू लागली. एकविसाव्या पानावर तिचा आवाज अडखळला आणि ती भलतंच काहीतरी वाचून पुढे गेली.

"एक ओळ गिळलीस तू," हेस्पर म्हणाली. "ती वाच."

ओपलने खाली मान घालून वाचली.

"शरमेनं?" हेस्पर म्हणाली. "अगं, मी हसत होते! नाचता नाचता पोराची पँट मागून उसवली. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. तो फोटोवाला समोरच होता की!" मग ती एकदम खाली बसली. "रॉइसनं हे वाचलं असेल. म्हणून फोन करत नाही तो."

मित्रांनो, त्या क्षणी माझी सगळी ऐट उतरली. जे कागदावर येतं ते खरंच असतं, असं मी समजत होतो.

"मी लिहिते त्याला पत्र, हेस्परबाई. आत्ताच लिहिते," ओपल म्हणाली.

"नको. तुझं अक्षर पाहून त्याला वाटेल, गावातल्या बाया समजूत काढतायत. मला शिकव."

"या वयात?"

"बावन्न वर्षांची आहे मी, मेले नाही अजून!"

आणि मीच तिचं पहिलं पुस्तक झालो. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा ती माझ्यावर वाकून बसे. साबणाने सोललेलं तिचं बोट माझ्या अक्षरांवरून हळूहळू सरकायचं. आधी तिने साबणाच्या जाहिराती वाचल्या, मग मुलाचं नाव. एकदा ती अडली तेव्हा टोपाखालून मिसेस डाउडींनीच शब्द सांगितला, तोही इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरचा कुत्रा भुंकला. त्या रविवारी चर्चमध्ये त्या हेस्परच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माफी त्यांनी मागितली नाही, पण गाणं मात्र जोरात म्हटलं.

नोव्हेंबरच्या शेवटी हेस्परने एकविसावं पान स्वतः वाचलं. कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ओळीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'खोटं आहे. मी हसत होते. तुझी पँट फाटली होती. आई.' तेच तिने दुसऱ्या कागदावर उतरवलं, पाकिटात घातलं आणि स्वतः पोस्टात टाकून आली.

नवव्या दिवशी सकाळी पार्लरसमोर एक गाडी थांबली. रॉइस आत आला तेव्हा केसांत रोलर अडकवलेल्या बायकांनी किंचाळून टॉवेल डोक्यावर ओढले. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आई, हे तू लिहिलंस?" त्याने खिशातलं पत्र काढलं.

"मग काय, गव्हर्नरनं? आणि फोन का केला नाहीस रे गाढवा?"

"मला वाटलं, तुला माझं तोंड बघायचं नसेल."

"तोंडाचं काही नाही. पँट तेवढी नीट शिवून घे."

तो हसता हसता रडला की रडता रडता हसला, ते मला सांगता येणार नाही. एकदा चूक केली आहे, आता जपून बोलतो.

पुढे बरीच वर्षं मी ओपलच्या कपाटात होतो. तिच्या म्हातारपणी तिने मला गावच्या ग्रंथालयाला दिलं. तिथे जुनी पानं दुरुस्त करणारा एक भला माणूस आला होता. "नुसती पेन्सिल आहे ही," तो म्हणाला, "पुसून अंक नव्यासारखा करून देतो."

"खबरदार!" काठी टेकत ओपल म्हणाली. "यात तेवढंच खरं आहे."

आता माझी पानं पिवळी पडली आहेत. मित्रांनो, मला हातात घ्याल तर हात कोरडे असू द्या, पानं दुमडू नका. माझ्यात कुणाविषयी काही वाचलंत, तर ते लगेच गावभर करू नका. ज्याच्याविषयी लिहिलं आहे, त्याला आधी विचारा. तो माणूस बहुधा जवळच असतो, आपल्याच गल्लीत, टॉवेल वाळत घालत.