सिस्टरच्या गाडीतला स्क्रू

"झाकण माझ्यासमोर उघडायचं," नॅन्सी भिंगारदिवे म्हणाली. "आणि संदीप आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही."

आप्पासाहेब हसले. सोनईजवळचं हे गॅरेज त्यांचं. बाईमाणूस गाडीविषयी बोलायला लागलं की ते आधी हसत आणि मग सावकाश समजावून सांगत. आताही त्यांनी समजावलं. गाडी जुनी, त्यात ऊन, त्यात घाट. बाया तापमानाच्या काट्याकडं बघत नाहीत, पाणी संपतं, इंजिन तापतं. त्याला गॅरेजवाल्यानं काय करायचं? त्यापेक्षा भंगारात द्या आणि मोकळ्या व्हा.

नॅन्सीने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तिचा जन्म गेला होता. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. डॉक्टर वेळेवर आले नाहीत की लोक सिस्टरवर ओरडत, औषध संपलं की सिस्टरवर ओरडत, आणि साहेब तपासणीला आले की तेही सिस्टरवरच. निवृत्त झाल्यावर सोनईतल्या घरी आली, तेव्हा तिने ही जुनी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकली. गल्ली आधी हसली. मग कुणाच्या लेकीला कळा लागल्या, कुणाला साप चावला, आणि दारावर थापा पडू लागल्या. तिने कुणाला नाही म्हटलं नाही.

गाडी तापली त्या दिवशी थाप मुक्ताबाईंच्या घरून पडली. मुक्ताबाई म्हणजे शेजारीण आणि मैत्रीण, दोन्ही. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लुळा पडला होता. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. त्यांचा मुलगा संदीप नागापूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला. मेंदूचा झटका आहे हे नॅन्सीने पाहताक्षणी ओळखलं. अशा वेळी जेवढं लवकर नगर गाठावं तेवढं माणूस वाचतं. गाडी नुकतीच आप्पासाहेबांकडून आली होती. इंजिनावरच्या एका झाकणातून पाणी गळत होतं, ते त्यांनी दुरुस्त करून दिलं होतं. "आता बिनघोर पळवा," असंही सांगितलं होतं.

इमामपूरच्या घाटात काटा एकदम वर गेला. बॉनेटमधून वाफ निघाली. नॅन्सीने तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन बंद केली आणि रस्त्यात उभी राहून हात करू लागली. गाड्या वेग कमी करत, आत पाहत आणि निघून जात. शेवटी एक कांद्याचा टेम्पो थांबला. नगरला डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. पण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळली आहे.

संदीप धावत दवाखान्यात आला होता. आईला घरी आणल्यावर, सगळी गल्ली दारात जमलेली असताना तो म्हणाला, "मावशी, गाडी सांभाळता येत न्हाई तर काढायची कशाला?"

त्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्याला गोवर झाला तेव्हा रात्ररात्र उशाशी बसली होती. ती घरी आली. दुसऱ्या दिवशी पाहायला गेली तर सुनेने दार अर्धंच उघडलं, आई झोपल्यात म्हणाली. आतून मुक्ताबाईंचा हुंकार ऐकू येत होता. त्यानंतर दार उघडलंच नाही. पाण्याच्या नळावर बाया बोलायच्या थांबत. ज्यांच्या लेकींना तिने याच गाडीतून नेलं होतं, त्याही थांबत.

सिस्टर पाणी बघत नाही, असं आप्पासाहेब गावभर सांगत होते, हे कळलं तेव्हा तिचं डोकं भडकलं. आपण पाणी पाहिलं होतं. निघताना बॉनेट उघडून पाहिलं होतं. दवाखान्यात पुष्कळ खोटं गुमान ऐकलं, पण हे ऐकायचं नाही, असं तिने ठरवलं. संदीपला कारखान्याच्या गेटवर गाठून तिने सांगितलं, "गॅरेजला ये आणि डोळ्यानं बघ. चूक माझी निघाली तर पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." मग घाटात बंद पडलेली गाडी तिने दुसऱ्या गाडीला दोराने बांधून, ओढत इथे आणली होती.

संदीप आला. मोटारसायकल लावून फाटकातच उभा राहिला.

"भीमा, उघड रे," आप्पासाहेब म्हणाले. "बघू दे सिस्टरला."

भीमा त्यांच्याकडचा जुना मिस्त्री. खाली मान घालून काम करणारा. त्याने नळी सोडवली आणि झाकणाला पाना लावला. झाकण दोन स्क्रूवर बसलेलं असतं. एक फिरला. दुसऱ्यावर तर त्याने पाना लावलाच नाही. तिथे स्क्रू नव्हताच; त्या भोकात फटी बुजवायचा काळा चिकट मसाला भरून वर बोट फिरवलेलं होतं. झाकण निघालं. खाली इंजिनात स्क्रूचा निम्मा तुकडा गंजून रुतलेला होता.

"संदीप, जवळ ये," नॅन्सी म्हणाली.

तो आला. वाकून पाहिलं. आप्पासाहेब लगेच म्हणाले, तापल्यावर लोखंड तुटतंच, हा घाटातच तुटला असणार.

"आणि मसाला घाटात कुणी भरला?" नॅन्सीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "पाणी बघत नाही म्हणालात मला. सगळ्या गावात म्हणालात. एका स्क्रूवर झाकण चिकटवून दिलंत आणि बिनघोर पळवा म्हणालात."

मग भीमाच बोलला, मालकाकडे न पाहता.

"माझ्या हातनं मोडला, सिस्टर. गंजल्याला हुता. मी म्हणलं हुतं, काढू या, येळ लागंल. मालक म्हणले, गिऱ्हाईक लई हायेत, चिकटव." त्याने पाना फडक्याने पुसला. "आन तुमी गाडी तवाच बंद केली, म्हनून इंजिन तरी राहिलं."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. तुला कुणी विचारलं का, असं काहीतरी ते पुटपुटले आणि नवं झाकण बसवून देतो, विषय संपवा, म्हणाले.

"आधी तो तुकडा काढा," नॅन्सी म्हणाली. "आज. माझ्यासमोर."

भीमाने तुकड्यावर तेल सोडलं, हलके ठोके दिले. ड्रिल लावू म्हणून गॅरेजातला एक पोरगा पुढे आला, त्याला भीमाने अडवलं; भोक बिघडलं असतं. गॅसने तापवून त्याने तुकड्यावर एक नट ठेवला आणि वेल्डिंगने जोडला. पाना लावताच नट तुटून आला. पुन्हा जोडला. पुन्हा तुटला. उन्हं कलली तरी नॅन्सी जागची हलली नाही. मागे उभा असलेला संदीप अखेर पुढे झाला आणि कुणी न सांगता त्याने भोकावर बॅटरीचा उजेड धरला. या वेळी नट टिकला. भीमा पाना जरा इकडे, जरा तिकडे फिरवत राहिला. आधी बारीक किरकिर आली. मग तुकडा सुटला आणि गंजाच्या भुकटीसकट बाहेर आला.

"मावशी," संदीप म्हणाला. "आईचं जे झालं, ते..."

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तू मला विचारायला हवं होतंस. एकदा तरी."

त्याने बॅटरी विझवली.

भीमाला आप्पासाहेबांनी त्याच आठवड्यात काढलं. नॅन्सी भांडायला गेली, पण तोवर त्याला नागापूरला काम लागलं होतं. आप्पासाहेबांचं गॅरेज मात्र पूर्वीसारखंच चालू आहे.

संदीप बायकोला घेऊन नॅन्सीकडे आला आणि चला म्हणाला. ती गेली. मुक्ताबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. नॅन्सीला पाहून त्यांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. नॅन्सी शेजारी बसली आणि सवयीने त्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडू लागली. बोटं पुन्हा मिटत होती.

सुनेने चहा आणला. मुक्ताबाईंनी डाव्या हाताने कप उचलला आणि बशीत ओतू लागल्या. निम्मा चादरीवर सांडला. सून धरायला पुढे झाली, तशी नॅन्सीने मान हलवून तिला थांबवलं. मुक्ताबाईंनी कप खाली ठेवला, बशी नॅन्सीकडे सरकवली आणि ती पिते का, ते पाहत राहिल्या.