अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं

आम्रपाली रंगारी दर रविवारी दुसऱ्यांच्या पोरापोरींना नोकरीच्या वाटेला लावायची आणि सोमवारी स्वतः घरी बसलेली असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या बायका ते तिच्या आईच्या तोंडावर म्हणायलाही लाजत नसत.

वर्ग भरायचा बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये. वंदना आटोपली की सतरंज्या तशाच राहायच्या, आम्रपाली भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडायची आणि एकेकाचा रेझ्युमे सगळ्यांसमोर उघडायची. भिलाईच्या पोरांचे रेझ्युमे हा एक नमुनाच असतो. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, आणि दुसऱ्या ओळीपासून बापाचं राज्य: वडील प्लांटमध्ये, अमुक शॉप म्हणजे खातं, अमुक ग्रेड, क्वार्टर नंबर, स्ट्रीट नंबर. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये लहानाचं मोठं झालेल्या माणसाला वाटतं, बापाचं खातं सांगितलं की आपली ओळख पुरी झाली.

"नोकरी बाबाले पायजे का तुले?" असं विचारून आम्रपाली ते सगळं खोडायला लावायची.

मग रेझ्युमे एका साइटवर चढवायचा. ही साइट शंभरापैकी मार्क द्यायची, जाहिरातीतले कोणते शब्द राहिले ते सांगायची, आणि एक बटण दाबलं की सगळं झकास इंग्रजीत नव्यानं लिहूनही द्यायची. पोरांचा सारा जीव त्या बटणावर. गुड्डूनं ते दाबलं, तर मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवणारा गुड्डू एका क्षणात विभागाचा विक्रीप्रमुख झाला. हॉल खो-खो हसला. आम्रपालीही हसली, पण तिनं ते पुसायला लावलं.

"साइटले विचाराचं. पन टेबलासमोर बसून जे तोंडानं सांगता येते, तेच कागदावर ठेवाचं," ती म्हणाली.

हा नियम तिचा स्वतःचा होता आणि तिला त्याचा अभिमान होता. तीन वर्षांत त्या सतरंजीवरून उठून कितीतरी पोरं रसमड्याच्या कारखान्यांत, रायपूरच्या ऑफिसांत गेली. तिला स्वतःला मात्र बी.एस्सी. होऊन, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करूनही कुणी धड बोलावलं नव्हतं.

अशात दुर्गच्या बाजूच्या एका खाजगी पॉलिटेक्निकची जाहिरात आली. विद्यार्थ्यांना रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारी शिकवणारी शिक्षिका हवी, शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. जाहिरात वाचून तिला वाटलं, ही आपल्याला समोर बसवूनच लिहिली आहे.

आणि ती नोकरी तिला लागायलाच हवी होती. तिचे वडील बळीराम महिनाअखेर प्लांटमधून निवृत्त होत होते. क्वार्टर सोडावं लागणार, मग सामान बांधायचं आणि भंडाऱ्याकडच्या गावी जायचं असं घरात ठरलेलं होतं. गावात आत्यानं एक स्थळ काढूनही ठेवलं होतं. आम्रपालीला नोकरी लागली तरच इथं जवळच रिसालीत भाड्यानं घर बघू, एवढीच सवलत बाबांनी दिली होती.

ती अर्ज भरायला बसली तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं: बुद्ध विहार, सेक्टर सहा.

"थे नोको लिहू," बाबा म्हणाले.

"कावून?"

"इकडच्या लोकाले आपल्या आडनावावरून काही समजत नाही. मराठी आहे म्हनतात अन् सोडून देतात. नागपुरात असतो तं नाव वाचताच समजलं असतं. तू विहार लिहिशीन तं इथंबी समजन. आपल्या हातानं कावून सांगतं?"

बाबा वाईट माणूस नव्हते. विहाराचा कारभार तेच बघायचे, पण प्लांटमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं 'मराठी बाबू' म्हणून शॉपमध्ये सगळ्यांच्या डब्यात हात घालून जेवले होते, आणि ते जेवण त्यांना मोडायचं नव्हतं. आम्रपालीला वाद नको होता. तिला नोकरी हवी होती. तिनं ती ओळ बटणाच्या हवाली केली. साइटनं क्षणात नवी ओळ दिली: सामुदायिक कौशल्य विकास केंद्र, सेक्टर सहा. मार्क पडले चौऱ्याण्णव.

"पाह्य, कसं भारदस्त वाटते," बाबा म्हणाले आणि समाधानानं चहा प्यायले.

पुढच्या रविवारी ती हात दाखवून अवलक्षण करून बसली. चौऱ्याण्णव मार्कांचा रेझ्युमे कसा दिसतो ते पोरांना कळावं म्हणून तिनं स्वतःचाच टीव्हीवर लावला. पोरं कौतुकानं बघत होती. मागून मोनानं हात वर केला. मोना दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातली, बौद्ध नव्हे, मैत्रिणीबरोबर यायला लागली होती.

"दीदी, ये सेंटर किधर है? हमको भी ले चलो ना."

"इथंच," आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं.

मोनानं सतरंजीकडे बघितलं, समोरच्या बुद्धमूर्तीकडे बघितलं, बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघितलं. "पर ये तो विहार है ना दीदी? मी तं घरी सांगून येते, विहारात चालली म्हनून."

कुणीतरी फिसकन हसलं. आम्रपालीला मोनाचा राग आला, मग बाबांचा आला, आणि शेवटी ज्याचा यायला हवा होता त्याचा आला: स्वतःचा. बाहेरची पोरगी उघड सांगून येते, आणि आपण ज्या छपराखाली शिकवायला शिकलो त्याचंच नाव पुसून बसलो. तिला भयंकर लाज वाटली. तिनं सगळ्यांसमोर ती ओळ खोडली आणि 'बुद्ध विहार' लिहिलं. मार्क एक्क्याऐंशीवर आले. तसाच तिनं अर्ज पाठवला.

आठवड्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं.

एका रिकाम्या वर्गात टेबलापलीकडे दोघं होते: संस्थेचे सचिव आणि प्राचार्या मॅडम. मॅडमनी तिला एका विद्यार्थ्याचा रेझ्युमे देऊन फळ्यावर शिकवायला सांगितलं. ते तर तिचं रविवारचंच काम. वडिलांचं खातं पहिल्या फटक्यात उडवलं तेव्हा मॅडम मनापासून हसल्या. दाराबाहेर दोन-चार विद्यार्थी थांबून ऐकायला लागले. आपलं काम झालं, हे आम्रपालीला फळ्याजवळच कळलं होतं.

"बहुत अच्छा," सचिव म्हणाले. मग त्यांनी तिच्या कागदावर पेन टेकवलं. "बस ये एक लाइन. विहार मतलब तो धार्मिक जगह हो गई. फाइल कमेटी में जाएगी, फालतू के सवाल उठेंगे. इसको सेंटर-वेंटर कुछ कर दो. बाहर कंप्यूटर है, अभी ठीक करके प्रिंट दे दो. पहली तारीख से आ जाना."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

आम्रपालीनं कागद हातात घेतला. किती सोपं होतं! ती ओळ तर तिच्या मोबाइलमध्ये तयार पडली होती. रिसालीचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं, आईला हवी होती तशी गच्ची, आत्याचं स्थळ कायमचं टळलेलं. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. आणि उठता उठता तिला दिसलं की पहिल्या तारखेला ती याच वर्गात उभी राहून पोरांना खरं लिहा म्हणून सांगणार आहे. ती पुन्हा बसली.

"सर, सेंटर में मैंने कभी पढ़ाया ही नहीं," ती म्हणाली. "मैंने विहार में पढ़ाया है. जो आपको अभी अच्छा लगा, वो सब वहीं सीखा है."

सचिवांनी पेनाला टोपण लावलं. "ठीक है. बताते हैं."

त्यांनी सांगितलं खरं, दोन ओळींच्या ईमेलमध्ये: आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.

आम्रपाली त्या दिवशी जेवली नाही. रडली, चिडली, आईवर उगाच खेकसली. बाबांना तिनं घडलेलं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मी पुन्हा तेच लिहीन. तुमाले गावाले नेऊन टाकाचं असन तं टाका."

बाबा सायकल काढून बाहेर निघून गेले.

रविवारी तिनं वर्ग घेतला. टीव्हीवर आपला रेझ्युमे लावला आणि म्हणाली, "याले नकार आला. उद्या हाच तीन ठिकानी पाठवते. आता कोनाचा पाहाचा?"

मागच्या रांगेतून बाबा उठले. अंगात धुतलेला पांढरा सदरा. वंदना झाल्यावर ते एरवी थांबत नसत.

"माहा पाह्य," ते म्हणाले. "रसमड्याच्या कारखान्यात ठेकेदाराले अनुभवी मानसं पायजेत म्हनतात. मी रिसालीत घर पाहून आलो. तुले नोकरी लागेपर्यंत मी करतो."

आम्रपालीनं मोबाइल उचलला. बाबांनी नाव सांगितलं, शॉप सांगितलं, ग्रेड सांगितला. हे सगळं त्यांचं स्वतःचंच असल्यानं तिनं या वेळी काही खोडलं नाही.

"अजून?"

बाबांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. "बुद्ध विहार, सेक्टर सहा. सचिव. वीस वर्ष. लिही."

"बाबा, तिथं कोनी विचारलं तं?"

"इचारू दे," बळीराम म्हणाले. "चौतीस वर्ष कोनी इचारू नये म्हनून मीच जपत आलो. आता कोनी इचारलं तं सांगीन."