दुसरी थाप

हिंदुरावने कोट अंगात चढवला, तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि सवयीने चोळायला लागला. अंग झाकलेलं, म्हणून कोटालाच.

"आरं, कोटाला कशाला मालिश?" शफी पोट धरून हसत होता. "त्याला जोर काढायचेत व्हय?"

साल छप्पन्न. पिंपरीच्या माळावर पत्र्याच्या डब्यांची नवी कंपनी उभी राहिली होती. फाटकावर कायमचा रखवालदार एकच घ्यायचा होता आणि शेवटाला उमेदवार उरले होते दोन. दिघीचा हिंदुराव, भोसरीचा शफी. एकाच तालमीतले, एकाच मातीत लोळलेले.

दोन महिने कंपनीचा चिमाजी जमादार त्यांना जपानी कुस्ती शिकवत होता. ती त्याला लढाईत एका गोऱ्या सार्जंटने शिकवली होती. तीन दिवस उघड्या अंगाने, तीन दिवस तंबूच्या कापडाचे जाड कोट घालून. उघड्या अंगाने हिंदुराव शफीला धुण्याच्या पिळ्यासारखा आपटायचा. पण कोट चढला की शफी त्याचीच कॉलर धरून त्याचा गळा आवळायचा, आणि अडीच मणांचा पैलवान डोळे पांढरे करायचा.

कंपनीच्या साहेबाने परीक्षा नेमकी कोटातच ठेवली.

"जमादार, चोर काय कोट घालून येत्यात?" हिंदुरावने विचारलं होतं.

"येत्यात की. पर ते मोटारीतनं येत्यात. त्यांना तू सलाम ठोकायचा."

या कुस्तीत हार कबूल करायची तर जमिनीवर दोनदा थाप मारायची. तालमीत थाप म्हणजे शड्डू, समोरच्याला आव्हान. पहिल्याच दिवशी हिंदुरावने मांडीवर शड्डू ठोकला आणि जमादाराने त्याला कुस्तीआधीच हरलेला ठरवला. मग शफीनेच त्याला बाजूला घेऊन समजावलं.

"दुसरी थाप पडली की सोडायचं, राव. ध्येनात ठेव. जीव हाय त्यो."

दोन महिन्यांत हिंदुराव एकदाही चुकला नव्हता.

कायम झाला तर कंपनीची खोली मिळणार होती. नाहीतर त्याच्या बायकोला, रुक्मिणीबाईला, परत दगडाच्या खाणीवर जाणं होतं. धूळ तिच्या छातीत आधीच बसली होती. कोटाच्या तुटलेल्या गुंड्या शिवताना आज सकाळी ती तीनदा खोकली. हिंदुरावने मोजलं होतं.

साहेब खुर्चीत बसला. शेजारच्या स्टुलावर चहा आला, बशीत बिस्किटं आली. जमादाराने शिट्टी फुंकली.

शफीने सवयीने कॉलर धरली आणि हात सटकन निसटला. परत धरली, परत निसटला. त्या येड्या मालिशीने काम केलं होतं. शफी तोल जाऊन पालथा पडला. हिंदुराव पाठीवर बसला आणि त्याने शफीची कोरडी, करकरीत कॉलर दोन्ही मुठींत आवळली.

एक थाप पडली.

दुसरी पडली.

हिंदुरावने मान वर केली. साहेबाचं बिस्कीट चहात पडलं होतं. साहेब कपात वाकून चमच्याने ते काढत होता. जमादारही वाकून, "जरा डावीकडं, सायब," म्हणत होता.

कुणी बघितलंच नव्हतं.

तिसरी थाप पडली. बिस्कीट चमच्यावर आलं आणि पुन्हा बुडालं. चौथी. पाचवी थाप नव्हतीच, नुसती बोटं माती खरवडत होती. हिंदुराव कपाकडे बघत राहिला. मुठी तशाच होत्या.

साहेबाने डोकं वर काढलं.

"शाबास!"

हिंदुरावने सोडलं. शफी उठला नाही. दोन घागरी पाणी ओतल्यावर त्याने डोळे उघडले, तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"चूक झाली, सायब," जमादार घाईघाईने म्हणाला. "जातिवंत पैलवान हाय. थाप ऐकली, त्याला वाटलं गडी शड्डू ठोकतोय. म्हनून आनखी आवळलं."

साहेब इतका हसला की उरलेला चहा त्याच्याच पाटलोणीवर सांडला. मग त्याने हिंदुरावला विचारलं, "असंच झालं ना?"

हिंदुराव हाताचं तेल कोटाला पुसत होता. मातीत पडल्या पडल्या शफी त्याच्याकडे बघत होता.

"व्हय जी," हिंदुराव म्हणाला.

रुक्मिणीबाईला खोली मिळाली. तिचा खोकला काही गेला नाही. शड्डूची गोष्ट कंपनीत अजून सांगतात आणि लोक पोट धरून हसतात.

शफी आता हातगाडीवर पत्रा घेऊन फाटकाशी येतो. हाक मारायला गळा नाही, म्हणून फाटकावर थाप मारतो.

दुसरी थाप हिंदुराव पडू देत नाही.