ओल्या पायाला तेल

माझ्या नवऱ्याने, लवूने, लग्नाच्या सव्वीस वर्षांत माझ्या डोक्याला एकदाही तेल लावलं नाही. मरोळच्या तबेल्यातल्या चांदणीला मात्र रोज सकाळी मालिश! मी जळायचे, खोटं कशाला बोलू? आणि बघत उभीही राहायचे.

चांदणी ही शूटिंगला जाणारी घोडी. पांढरीशुभ्र, पायांना गुडघ्यापासून खुरांपर्यंत लांब केसांची झालर. त्या झालरीमुळेच तिला मागणी. लवू तिथे घोडे सांभाळतो. आधी तो खराऱ्याने धूळ काढायचा, मग चार थेंब खोबरेल तळहातांवर चोळून तिच्या अंगावरून नुसता हात फिरवायचा. खोगिराच्या जागेवर थेंबही नाही, नाहीतर खोगीर सरकतं. पायांच्या केसांना मात्र जरा जास्त, म्हणजे चिखल चिकटत नाही. उन्हात ती अशी चमकायची की रिक्षावाले थांबून बघायचे.

यंदा पावसाळ्यात तिच्या पायांना चिखल्या झाल्या. केसांखाली कातडी लाल, वर खपल्या. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर केस भादरावे लागतील. तबेल्याचे मालक हर्षदशेट म्हणाले, "केस गेले तर काम गेलं, लवू. मग मी हिला विकणार. बसून कोण खायला घालणार?"

रोज लवू तिचे पाय धुवायचा, जुन्या धोतराच्या फडक्याने बट अन् बट कोरडी करायचा, मलम लावायचा आणि ते जिरलं की केसांना तेल. आठव्या दिवशी खपल्या सुटू लागल्या. नवव्या दिवशी तो मलम आणायला अंधेरीला गेला, आणि मी अतिशहाणी मदतीला धावले. पाय धुतले आणि ओल्या केसांवरच वाटीभर तेल थापलं. मी स्वतः न्हाऊन आले की ओल्या केसांवरच तेल घालते. ओल आत कोंडते हे मला काय ठाऊक?

दुसऱ्या दिवशी पाय सुजले. हर्षदशेटनी पाय चाचपून विचारलं, "ओल्या पायाला तेल कोणी लावलं?"

मी लवूच्या पाठीमागे सरकले.

"मी, शेट," लवू म्हणाला. "चुकलं माझं."

शेट भडकले आणि त्याला चार माणसांत नाही नाही ते बोलले. घरी आल्यावर लवू मला एवढंच म्हणाला, "आदी सुकय गो, मगे तेल लाय." मला रडूच फुटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस त्याने चार-चारदा ते पाय पुसले. मी शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी केस बाजूला सारून नीट बघितलं आणि म्हणाले, "राहू देत केस."

हर्षदशेट खूश झाले. "लवू, मानलं तुला!"

आता मला राहवेना. "शेट, ओल्या पायाला तेल मी लावलं होतं. ह्यांनी नाही."

"ठाऊक आहे, वहिनी. तीस वर्षं बघतोय ना याला. लवू ओल्या पायाला तेल लावेल? माझ्या तोंडावर खोटं बोलला, त्याचाच तर राग आला होता."

लवूने वर बघितलंच नाही. चार थेंब तळहातावर घेतले आणि चांदणीच्या मानेवरून हात फिरवू लागला. त्याचे कान तेवढे लाल झाले होते.